अंबादासचा डावा पाय

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एका तारेत जुन्या क्लच प्लेटा ओवून टांगल्यात. येणारं गिऱ्हाईक एकदा तरी विचारतंच, "मेस्त्री, हे भंगार कशाला सांभाळायलाव?" मी म्हणतो, तुमच्या घरात आज्या-पणज्यांचे फोटो असतात, तसे हे माझे. लोक हसतात. पण मला खरंच माणसाचं तोंड ध्यानात राहत नाही, पाय राहतो. प्लेट हातात घेतली की गाडी कुणी चालवली, घाईत चालवली का निवांत, घरात भांडून चालवली का, सगळं सांगतो अशी बढाई मी चारचौघांत मारायचो. आता मारत नाही. का ते सांगायला बसलोय.

तुळजापुरात सोलापूर रस्त्याला गॅरेज टाकलं तेव्हा मला मिशी फुटलेली होती एवढंच. आज गुडघे बोलतात, गाडीखाली शिरलं की बाहेर यायला कुणाचा तरी हात लागतो. तरी क्लचचं काम आलं की मी स्वतःच हात घालतो. हे काम मला आवडतं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन एकदा चालू झालं की ते गरगर फिरतच राहतं. चाकाला मात्र सारखं थांबावं लागतं. म्हशी आडव्या येतात, सिग्नल लागतो, म्हातारी हात करते. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ घालून द्यायची आणि सोडवायची, हे काम क्लच करतो. मधे एक चकती असते, जेवायच्या ताटलीएवढी. तिच्या दोन्ही अंगांना अस्तर असतं. मागून स्प्रिंगांचं जड झाकण तिला इंजिनाच्या चाकावर दाबून धरतं, म्हणून ती इंजिनाबरोबर फिरते आणि गाडी ओढते. आपण डाव्या पायानं पेडल दाबलं की झाकणाची पकड सुटते. पेडल सोडलं की पुन्हा धरते. पण पाय धड दाबलेला नाही आणि धड सोडलेलाही नाही, असा नुसता ठेवला, की चकती घसरत राहते, तापते, जळते. मग तो वास येतो. एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो.

लग्नसराईत हा वास माझ्या गॅरेजातून हटत नाही. नवरदेवाची गाडी बँडच्या मागं मुंगीच्या चालीनं निघते. पुढं पोरं नाचत असतात, त्यांना हॉर्न वाजवायचा म्हणजे पाहुण्यांत भांडण. ड्रायव्हर बिचारा अर्ध्या क्लचवर ताटकळतो. वरात मांडवात पोचते आणि गाडी दुसऱ्या दिवशी फुलांच्या माळांसकट माझ्या दारात. एका नवरदेवानं तर मला विचारलं, "मेस्त्री, अपशकुन तर न्हाय ना हा?" मी म्हटलं, "बाबा, नाचणाऱ्यांना थोडं पुढं सरकायला सांगायचं होतंस, शकुनच झाला असता."

पण अंबादासची गोष्ट हसण्याची नाही.

अंबादास तामलवाडीचा. तुळजापूर ते तामलवाडी काळीपिवळी जीप चालवायचा. आम्ही एकाच वयाचे. तो मला मेस्त्रीच म्हणायचा आणि मी त्याला अंबादास, पण मधे शिव्या इतक्या असायच्या की नावाची गरज पडायची नाही. त्याच्यासारखा पाय मी दुसरा बघितला नाही. तुळजापुरातून सोलापूरकडं निघालं की चढ-उतार आहेत. गाडीत माणसं कोंबलेली, टपावर पोती, मागच्या फळीवर दोघं लोंबकळलेले, आणि हा चढावर थांबलेली जीप अशी उचलायचा की आत झोपलेलं लेकरू कुशीसुद्धा बदलायचं नाही. त्याची एक प्लेट एवढी वर्षं चालली की बदलायला काढली तेव्हा मी ती उन्हात धरून बघत बसलो. सगळीकडं सारखी झिजलेली. कुठं काळा डाग नाही, चरा नाही. ती मी तारेत सगळ्यात पुढं ओवली.

अंबादास गाडी अनवाणी चालवायचा. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चप्पल घालून बसायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बरेच ड्रायव्हर पाळतात. जीपच्या काचेवर आईचा, म्हणजे आमच्या देवीचा फोटो, त्याला रोज हार, आणि सीटखाली चपला काढून ठेवलेल्या. नवरात्रात तर तो रस्त्यावरही चप्पल घालत नसे. पण त्याचं अनवाणी असणं नुसतं भक्तीचं नव्हतं. तो म्हणायचा, "मेस्त्री, तू कानानं ऐकतूस, म्या तळव्यानं ऐकतो. पेडल कुठं धरतंय ते चपलीला काय कळणार?" बरोबर होतं त्याचं. इंजिनात बारीकशी खरखर झाली तरी त्याला पायातून कळायची. माझ्याकडं यायचा आणि सांगायचा, "डाव्या अंगाला काहीतरी बोलायलंय." मी उघडून बघायचो तर तिथंच काहीतरी ढिलं निघायचं.

म्हणूनच संक्रांतीच्या सुमाराला त्यानं जीप ढकलत आणली तेव्हा माझा विश्वास बसेना. मी टाकलेला नवा क्लच वर्षभरही टिकला नव्हता. गिअरबॉक्स उतरवला, झाकण सोडलं, तर प्लेट कोळसा. अस्तर जळून ते ठोकून बसवलेल्या रिबिटा उघड्या पडलेल्या. इंजिनाच्या चाकावर निळे-काळे डाग. मी प्लेट त्याच्या पुढ्यात टाकली.

"पाय ठिवून चालवायलास व्हय रं?"

आमच्या धंद्यात ड्रायव्हरला हे विचारणं म्हणजे भर पंगतीत आचाऱ्याला भात कच्चा आहे म्हणणं. नवशिके ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवतात. अंबादासचं तोंड पडलं.

"आईची आण, मेस्त्री. म्या पाय ठिवत न्हाय."

"मग हे काय पोराटोरांनी जाळलं?"

"प्लेटच हलकी आसंल."

"प्लेट त्याच कंपनीची आहे, जी तुला मागं टाकली होती."

तो आणलेला चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. मी नवी प्लेट घातली. जुन्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट आम्ही जपून ठेवतो, तो आत घालून प्लेट मधोमध धरायची, मग झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. घाई केली की प्लेट एका अंगाला बसते आणि गिअरबॉक्स वर चढतच नाही. एरवी अंबादास हे बघायला गाडीखाली डोकं घालून बसायचा. त्या दिवशी नाही आला.

मग चैत्री पौर्णिमा आली. तुळजापूर माणसांनी भरलं. त्या उन्हात देवळातल्या फरश्या अशा तापतात की माणसं टाचांवर, चवड्यांवर उड्या मारत सावली गाठतात. अंबादास त्या फरशीवरून संथ चालत गेला, आईपुढं दंडवत घातला आणि तसाच संथ परत आला. बघणाऱ्या बायका थांबल्या. एका म्हातारीनं वाकून त्याच्या पायाला हात लावला. बघून आणखी दोघी-तिघी वाकल्या.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात आला तो फुललेलाच होता. संक्रांतीचा रुसवा कुठल्या कुठं गेला होता.

"मेस्त्री, आईनं पदरात घेतलं बघ. निखाऱ्यावर चाललो तरी आता काय हुणार न्हाय मला."

त्याची बायको कमलवहिनी बरोबर होती. ती म्हणाली, "खरंच भावजी, यांना आताशा कायच लागत न्हाय. परवा अंघोळीचं कढत पाणी पायावर सांडलं, तरी हं न्हाय का चूं न्हाय."

मी चेष्टेनं हात जोडले. "महाराज, मग क्लच तेवढा जपा, त्याला अजून लागतं." तिघंही हसलो. मला खोटं वाटलं होतं असंही नाही. आमच्या गावात आईची कृपा ही काही कागदावरची गोष्ट नाही. इतकी वर्षं अनवाणी चालवणाऱ्या माणसाला ती मिळाली असेल तर मिळो, असंच मनात आलं.

पंधरवडा गेला असेल नसेल, अंबादास पुन्हा आला. गाडी चालत होती, पण चढावर नुसता आवाज करत होती, पळत नव्हती. आणि तो वास. बॉनेट उघडायचीही गरज नव्हती.

या वेळी मी शिवी दिली नाही. म्हटलं, "चल, तामलवाडीपर्यंत जाऊन येऊ. मी शेजारी बसतो."

"माझी परीक्षा घ्यायलास व्हय?"

"घ्यायलोय. चल."

गाव सुटलं. ऊन मी म्हणत होतं. मी समोर रस्त्याकडं बघतच नव्हतो, खाली बघत होतो. जीपच्या मधल्या पत्र्यावरची चटई कधीच फाटून गेली होती. खालून धुराड्याची नळी जाते, तिच्यामुळं तो पत्रा असा तापलेला की माझ्या चपलीतून मला झळ लागत होती. अंबादासनं चौथा गिअर टाकला. झालं, आता डावा पाय बाजूला जायला पाहिजे. पाय पेडलवरच राहिला. नुसता टेकलेला नव्हता, पायाचा सगळा भार पेडलवर होता. पेडल बोटभर आत गेलेलं.

मी शांतपणे म्हटलं, "अंबादास, पाय उचल."

"उचललाय की."

"डावा पाय. क्लचवरचा."

"आरं उचललाय म्हणतोय ना! खाली पत्र्यावर ठिवलाय."

त्याचा आवाज अगदी सरळ होता. तो खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "खाली बघ."

त्यानं खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. गाडी हळू करून त्यानं एका लिंबाच्या झाडाखाली घेतली. सगळं व्यवस्थित, हात दाखवून, आरशात बघून. गाडी बंद केली आणि दोन्ही हातांनी धरून तो डावा पाय पेडलवरून उचलला, जसं कुणाचं तरी सामान उचलावं.

"ह्यो कवा गेला तिथं?" तो म्हणाला.

मी उतरून त्याच्या अंगाला गेलो, पाय बाहेर घेतला आणि तळवा बघितला. टाचेच्या पुढं केवढा तरी भाजल्याचा फोड येऊन फुटला होता. कडेनं काळं पडलेलं. आत माती गेलेली. तिथून जो वास येत होता तो क्लचचा नव्हता.

"अंबादास, हे कधी भाजलं?"

त्यानं वाकून बघायचा प्रयत्न केला. "काय हाय? कुठं भाजलंय?"

मी रस्त्यावर बसून रडलो. तो वरून मला विचारत होता, "मेस्त्री, काय झालं रं? बोल की."

तिथून जीप मी चालवली. तामलवाडीला थांबलोच नाही, वहिनीला फोन लावला आणि नीट सोलापूर गाठलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, शुगर कितीतरी वर्षांपासून असणार, हळूहळू पायांची जाणीव गेली. असे लोक पाय कुठं ठेवलाय तेही बघितल्याशिवाय सांगू शकत नाहीत. जखम आत हाडापर्यंत गेली होती. औषधं झाली, साफ करून झालं, पण विष वर चढायला लागलं तेव्हा त्यांनी गुडघ्याखाली कापायला सांगितलं. उशीर केला तर माणूस जाईल म्हणाले.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा कमलवहिनी बाहेर बाकावर बसली होती. मग म्हणाली, "भावजी, बायका पाया पडल्या वो यांच्या. मलाबी वाटलं, आपलं नशीब उजळलं. म्या त्या दिवशी पुरणाचा निवद केला." तोंडात पदर धरून ती अशी रडली की नर्सबाई आतून बघायला आली. संक्रांतीलाच ती जळकी प्लेट माझ्या हातात आली होती. तिच्यात मला निष्काळजी माणूस दिसला, आजारी माणूस दिसला नाही. दिसणार तरी कसा, असं लोक मला समजावतात. मलाही ते पटतं, पण रात्री झोप येत नाही तेव्हा पटत नाही.

अंबादास घरी आला. त्याची जीप माझ्या दारात उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी मी तिच्यात नवा क्लच घातला, मधला पत्रा बदलला, त्यावर जाड चटई घातली. का केलं ते मलाच ठाऊक नाही. रिकामे हात बसवेना, एवढंच.

मी भेटायला गेलो की तो एकच विषय काढायचा.

"मेस्त्री, हाताचा क्लच बसीव. गिअरच्या दांड्याशेजारी एक दांडा, वायर खाली. तू मागं एका पोलिओच्या पोराला करून दिला होतास न्हाय का?"

दिला होता. अवघड काम नाही. मी म्हणायचो, बघू, आधी जखम भरू दे. शेवटी एक दिवस तो चिडला. "बघू बघू काय लावलंस? ब्रेकला न् ॲक्सिलेटरला उजवा पाय हाय की माझा! घरात बसून काय करू? भिंती मोजू? तुला जमत न्हाय आसं सांग, दुसऱ्याकडं जातो."

मी म्हटलं, "डोळे मीट."

"कशाला?"

"मीट तर. उजव्या पायाला मी बोट लावतो. लागलं की सांग."

तो खाटेवर पाय लांब करून बसला, डोळे मिटले. कमलवहिनी चुलीपासून उठून दारात आली. मी अंगठ्यानं त्याचा उजवा तळवा दाबला. तो गप्प. टाच दाबली. गप्प. चवड्याखाली नख रुतवलं. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं तो आनंदानं म्हणाला, "आता! आता दाबलंस. आंगठ्याजवळ."

वहिनीनं तोंड फिरवलं. अंबादासनं डोळे उघडले, माझे दोन्ही हात मांडीवर बघितले. मग वहिनीकडं बघितलं.

"दाबलं न्हवतंस व्हय?"

"न्हाय."

"आधी दाबलं होतंस?"

"व्हय. तीनदा."

मी म्हटलं, "अंबादास, तुला नुसता दांडा बसवून द्यायचा असता तर कधीच दिला असता. पण ब्रेकवर हा पाय आहे. मागं लेकरं बसतात. मी नाही करून देणार, आणि दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही. गावातल्या सगळ्या मेस्त्र्यांना सांगून ठेवीन."

"जा तू," तो म्हणाला. "माझ्या घराची पायरी चढू नगं."

मी उठलो. इतक्या वर्षांत त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मोटरसायकल चालू करायला मला दोनदा किक मारावी लागली.

मधे बरेच महिने गेले. दसरा झाला. एक दिवस त्याचा धाकटा भाऊ गोरख गॅरेजात आला. म्हणाला, "दादानं जीप न्यायला लावलंय. म्या चालीवणार. दादा बाहेर रिक्षात बसलाय. तुमाला बोलवायलाय."

मी बाहेर गेलो. अंबादास वाळला होता. कुबडी शेजारी. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ह्याला चढावर गाडी उचलता येत न्हाय. बस मागं. सांगू दोघं मिळून."

त्याला धरून आम्ही जीपमधे पुढं बसवलं. बसायच्या आधी त्यानं उजवीकडची चप्पल काढली आणि सीटखाली सरकवली. मी मागच्या सीटवर बसून पुढं वाकलो. दिवस उन्हाचा होता, गाडी दारात उभी राहून तापलेली होती. गोरखनं निघताना झटका दिला, मी काही बोलायच्या आत अंबादास म्हणाला, "हळू सोड. अजून हळू. आता धरतंय बघ. आता सोड." आणि जीप पाण्यासारखी पुढं गेली. मला नवल वाटलं. पेडल गोरखच्या पायाखाली, आणि ते कुठं धरतंय ते याला कसं कळलं?

पुढं चढ आला. गोरखनं क्लच दाबून तिसरा टाकला. अंबादासनं एकदम गुडघ्याखालची गुंडाळलेली विजार मुठीत धरली.

"मेस्त्री."

"काय रं?"

"माझा डावा पाय दाबला गेला. गोरखनं दाबला की माझाबी दाबला जातूय." त्यानं मूठ सोडली नाही. "घरीबी होतंय. मी कुणाला सांगितलं न्हाय. येडा म्हणतील. आन आता खाली चटका बसायलाय. तळव्याला. पत्रा लई तापलाय रं, मेस्त्री."

मी वाकून बघितलं. नवा पत्रा, नवी चटई. डाव्या बाजूला विजारीची रिकामी घडी लोंबत होती.

तो रडत होता आणि रडता रडता सांगत होता, "आता लागायलंय बघ. समदं लागायलंय."

गोरखनं घाबरून गाडी बाजूला घेतली. मी उतरून पुढच्या दाराशी गेलो. सीटमागं पाण्याची बाटली होती. तिचं झाकण काढलं आणि जिथं त्याचा तळवा टेकला असता, त्या जागी मी हळूहळू सगळी बाटली ओतली.

"आता?" मी विचारलं.

अंबादासनं डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला. "आता बरं वाटायलंय."